प्रिंटर एकच, कॉम्प्युटर विंडोजचे आणि लिनक्सचेही: प्रिंट नेमकी कुठे अडकते?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. ज्या जुन्या मशीनवर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर जुना आहे, त्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. अशा मशीन भंगारात देण्यापेक्षा त्यांवर उबुंटू किंवा मिंट हे लिनक्स टाकणं हा चांगला मार्ग आहे. शाळेची संगणक-खोली असो, सीएचं ऑफिस असो की सोसायटीचं कार्यालय, ब्राउझर चालतो, लिबरऑफिस चालतं. मग पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतं, "प्रिंट का येत नाहीये?"

त्यानंतरचा प्रकार ओळखीचा आहे. ड्रायव्हर काढला जातो, पुन्हा टाकला जातो. यादीत त्याच प्रिंटरच्या शेजारी 'कॉपी १', 'कॉपी २' अशी पिल्लं दिसू लागतात. अर्धा दिवस जातो. खरं तर बहुतेक वेळा ड्रायव्हरची काही चूकच नसते. प्रिंट कोणत्या टप्प्यावर थांबली हे आधी शोधलं, तर दुरुस्ती बहुधा पाच मिनिटांची निघते.

एक सूचना आधीच: या लेखात आज्ञा आणि पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायचे. लिनक्समध्ये लहान आणि मोठी अक्षरं वेगळी मानली जातात, म्हणून आज्ञा सगळ्या लहान अक्षरांत.

'प्रिंट' म्हटल्यावर काय काय होतं

तुम्ही बटण दाबता तेव्हा चार कामं घडतात. मजकूर प्रिंटरच्या भाषेत बदलला जातो. हे काम करतो तो ड्रायव्हर, म्हणजे दुभाष्या. मग ते काम रांगेत उभं राहतं. रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रामला स्पूलर म्हणतात. विंडोजमध्ये त्याचं नाव प्रिंट स्पूलर, आणि लिनक्स, मॅक वगैरे युनिक्स घराण्यात बहुतेक ठिकाणी कप्स. कप्स १९९९ मध्ये आलं आणि ॲपलने २००२ मध्ये ते मॅकमध्ये घेतलं. म्हणून या लेखातलं रांगेबद्दलचं बरंचसं मॅकलाही लागू पडतं. तिसरं काम, रांगेतून निघालेला मजकूर नेटवर्कवरून प्रिंटरच्या पत्त्यावर पोचतो. आणि चौथं, प्रिंटर तो वाचून कागदावर उतरवतो.

या चारपैकी नेटवर्क आणि प्रिंटर ही दोन कामं विंडोज आणि लिनक्सला सामाईक असतात. भाषा आणि रांग मात्र ज्याची त्याची. त्यामुळे दोन्हीकडून प्रिंट येत नसेल तर बिघाड सामाईक भागात आहे. एकीकडून येत असेल तर प्रिंटर आणि त्याची केबल ठीक आहेत, त्यांना हात लावू नका. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धं काम होतं.

तीन खिडक्या आणि एक शेजारी

नेटवर्कवरचा प्रिंटर म्हणजे एखादं सरकारी कार्यालय समजा. आयपी ॲड्रेस हा त्याचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. आत गेल्यावर वेगवेगळ्या क्रमांकांच्या खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात.

९१०० क्रमांकाची खिडकी सगळ्यात साधी: कागद आत सरकवायचे, पावती मिळत नाही. एचपीच्या जेटडायरेक्टने ती रूढ केली आणि ऑफिसच्या बहुतेक नेटवर्क प्रिंटरांत ती असते. ५१५ ही जुनी खिडकी, एलपीडीची, बर्कली युनिक्सच्या काळातली. तिथे रांगेचं नाव बरोबर सांगावं लागतं, नाहीतर काम परत येतं. ६३१ ही आयपीपीची खिडकी. तिथे बसलेला कारकून बोलतो: कोणता कागद आहे, रंगीत होईल का, शाई संपली का, तुमचं काम कुठवर आलं. आज नवीन काही बसवत असाल तर हीच खिडकी निवडा.

चौथा मार्ग खिडकीचा नाही, शेजाऱ्याचा आहे. प्रिंटर एका विंडोज कॉम्प्युटरला जोडायचा, त्याने तो 'शेअर' करायचा आणि बाकीच्यांनी काम त्याच्याकडे द्यायचं. या व्यवहाराची बोली म्हणजे एसएमबी, पोर्ट ४४५. लिनक्सला ती बोलता यावी म्हणून सांबा हा प्रोग्राम आहे. अडचण उघड आहे: शेजारी झोपला, त्याने कुलूप बदललं किंवा तो गावाला गेला, की सगळ्यांच्या प्रिंट बंद. प्रिंटरला स्वतःची लॅन केबल किंवा वाय-फाय असेल, तर शेजारी मध्ये आणण्याचं काहीच कारण नाही. प्रत्येक कॉम्प्युटरने थेट प्रिंटरच्या खिडकीशी जावं.

तपासणी प्रिंटरपासून सुरू करा

आपण सगळे कॉम्प्युटरसमोर बसलेले असतो, म्हणून शोधही तिथूनच सुरू करतो. उलटं करा. प्रिंटरच्या मेनूतून किंवा बटण दाबून धरून कॉन्फिगरेशन पेज काढा. ते निघालं म्हणजे कागद, टोनर आणि यंत्र ठीक आहे. शिवाय त्याच कागदावर आयपी ॲड्रेस छापलेला असतो.

तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल, स्विच किंवा वाय-फायचा पासवर्ड पाहा. पत्ता १९२.१६८.०.५० आणि कॉम्प्युटरचा १९२.१६८.१.२० असा तिसरा आकडा वेगळा दिसला, तर बहुधा ऑफिसात दोन राउटर आहेत आणि दोघेही स्वतंत्रपणे पत्ते वाटताहेत. फायबरवाल्याच्या डब्याला दुसरा वाय-फाय राउटर जोडला की हे हमखास होतं. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो स्वतः पत्ते वाटणं थांबवेल. 'गेस्ट' वाय-फायवर असलेल्या लॅपटॉपलाही प्रिंटर दिसत नाही, कारण ते जाळं मुद्दामच वेगळं ठेवलेलं असतं.

पत्ता बरोबर असेल तर कॉम्प्युटरवरून त्या पत्त्याला 'पिंग' करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते पाहा. उत्तर आलं की खिडकी उघडी आहे का ते बघा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करायचा प्रोग्राम; लिनक्समध्ये त्याला टर्मिनल म्हणतात) 'टेस्ट-नेटकनेक्शन', मग पत्ता, मग '-पोर्ट' आणि ९१०० किंवा ६३१. लिनक्समध्ये 'एनसी -झेडव्ही', मग पत्ता आणि पोर्ट. पिंगला उत्तर मिळतं पण खिडकी बंद, तर प्रिंटरच्या स्वतःच्या वेबपानावर (ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की उघडतं) ती सेवा बंद केलेली असेल.

"काल चालत होता, आज नाही" या तक्रारीचं नेहमीचं कारणही इथेच सापडतं. राउटर प्रिंटरला पत्ता काही काळापुरता देतो. लाईट जाऊन आली की तो बदलू शकतो, पण कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. राउटरच्या डीएचसीपी पानावर (पत्ते वाटण्याची सेटिंग तिथे असते) प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या नेटवर्क-ओळखीला, एक आयपी कायमचा राखून ठेवा. या 'मॅक'चा ॲपलच्या मॅकशी संबंध नाही. कॉन्फिगरेशन पेजवर मॅक ॲड्रेस बारा अक्षरांचा छापलेला असतो. दहा मिनिटांचं हे काम वर्षभराची कटकट वाचवतं, आणि ते न करता पुढचं काही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रिंटर चालू आहे, तरी विंडोज 'ऑफलाइन' का म्हणतं?

याची दोन नेहमीची कारणं आहेत. पहिलं, विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर जोडला. हा पोर्ट पत्त्याऐवजी नेटवर्कवरच्या हाकेवर चालतो आणि हाक चुकली की प्रिंटर 'हरवतो'. प्रिंटर प्रॉपर्टीजच्या पोर्ट्स टॅबमध्ये 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' नवा जोडा आणि राखून ठेवलेला पत्ता द्या. दुसरं, त्याच पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ही खूण असते. विंडोज त्या वाटेने प्रिंटरची खुशाली विचारतं, प्रिंटर त्या प्रश्नाला उत्तर देत नाही आणि विंडोज त्याला बंद समजतं. खूण काढा.

लिनक्सची रांग रुसते तेव्हा

हा दोष मला महत्त्वाचा वाटतो, कारण विंडोजवरून लिनक्सवर आलेल्याला तो कळतच नाही. कप्सने पाठवलेलं एखादं काम फसलं, समजा त्या क्षणी प्रिंटर बंद होता, तर कप्स पूर्ण रांगच थांबवून ठेवू शकतं. मग प्रिंटर चालू केला तरी रांग आपणहून सुरू होत नाही. लोक पुन्हा पुन्हा प्रिंट देतात, कामं साठत जातात, आणि रांग सुरू झाल्यावर एकाच पानाच्या चौदा प्रती बाहेर पडतात.

टर्मिनलमध्ये 'एलपीस्टॅट -टी' द्या. रांगेसमोर 'डिसेबल्ड' किंवा 'पॉज्ड' दिसलं तर आधी 'कॅन्सल -ए' आणि रांगेचं नाव देऊन साठलेली कामं काढा, मग 'कप्सइनेबल' आणि रांगेचं नाव. पुन्हा तसं होऊ नये म्हणून 'एलपीॲडमिन'ने त्या रांगेचं 'प्रिंटर-एरर-पॉलिसी' हे सेटिंग 'रिट्राय-जॉब' करा. मग कप्स रांग बंद न करता थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतं.

विंडोजमधला समांतर प्रकार म्हणजे 'डिलीटिंग' असं म्हणत तासन्‌तास न हलणारं काम. सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधल्या स्पूल फोल्डरात 'प्रिंटर्स' नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या फायली काढा (फोल्डर नाही, फक्त फायली) आणि सेवा पुन्हा सुरू करा.

पान येतं, पण भलतंच

कागद बाहेर येतोय म्हणजे पत्ता, खिडकी आणि रांग तिन्ही ठीक आहेत. आता दोष फक्त भाषेचा. इथे ड्रायव्हरकडे बघायचं, त्याआधी नाही.

पानाच्या वर टक्का आणि उद्गारचिन्ह, मग 'पीएस-ॲडोबी' आणि पुढे पानंच्या पानं इंग्रजी संकेत छापले जात असतील, तर पोस्टस्क्रिप्ट भाषेतला मजकूर ती भाषा न समजणाऱ्या प्रिंटरकडे गेला आहे. मराठी कारकुनासमोर तमिळ अर्ज ठेवावा आणि त्याने अक्षरांची चित्रं काढून परत द्यावीत, तसंच हे. रांगेला त्या प्रिंटरचा योग्य ड्रायव्हर द्या. प्रिंटर आयपीपी समजणारा असेल तर 'एलपीॲडमिन'मध्ये मॉडेल म्हणून 'एव्हरीव्हेअर' द्या. मग कप्स प्रिंटरलाच विचारून सगळं ठरवतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत पानाबाहेर जात असतील तर कारण जुनं आहे. युनिक्स ओळ संपवताना फक्त 'खाली जा' असं सांगतं, विंडोज 'डावीकडे ये आणि खाली जा' असं सांगतं. साधी टेक्स्ट फाईल काहीही न बदलता, म्हणजे 'रॉ' रांगेतून, पाठवली की प्रिंटर खाली जातो पण डावीकडे येत नाही. रॉ रांग सोडा. ते शक्य नसेल तर अनेक लेझर प्रिंटरांच्या मेनूत 'अपेंड सीआर टू एलएफ' असा पर्याय असतो, तो चालू करा.

आणि काहीच न छापता प्रिंटरचा दिवा लुकलुकत असेल, तर कागदाचं माप पाहा. लिनक्स बसवताना भाषा 'इंग्रजी, अमेरिका' निवडली असेल तर मूळ माप अमेरिकन लेटर येऊ शकतं, २१६ × २७९ मिलिमीटर. ट्रेमध्ये ए४ असतो, २१० × २९७. प्रिंटर लेटर कागदाची वाट पाहत बसतो. रांगेचं मूळ माप ए४ करा.

"आमचा प्रिंटर साधा यूएसबीचा आहे, मग?"

भारतातल्या लहान ऑफिसांत कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेझरजेट १०२० यांची संख्या प्रचंड आहे. दोघेही चिवट, पण नेटवर्कची सोय नसलेले, आणि पानाचं जवळजवळ सगळं गणित कॉम्प्युटरकडून करून घेणारे. त्यांची भाषा त्यांचीच खास.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. विंडोजने प्रिंटर शेअर केला म्हणजे तो लिनक्सच्या वतीने भाषांतर करून देतो असं नाही. लिनक्सकडून येणारं काम तो सहसा जसंच्या तसं पुढे सरकवतो. म्हणजे विंडोजवर ड्रायव्हर असूनही लिनक्समध्ये त्याच प्रिंटरचा ड्रायव्हर लागतोच. कप्सचं वागणं उलट आहे. प्रिंटर लिनक्सला जोडून कप्समधून शेअर केला, तर कप्स पीडीएफ किंवा पोस्टस्क्रिप्ट स्वीकारतं आणि भाषांतर स्वतः करतं. विंडोजवर कोणताही साधा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर पुरतो. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर नीट चालत असेल, तर यूएसबी प्रिंटर लिनक्स मशीनला जोडणंच शहाणपणाचं.

१०२० साठी एचपीचं एचपीलिप हे पॅकेज आणि त्याचं 'एचपी-प्लगइन' लागतं. हा प्रिंटर बंद झाला की त्याच्यातला प्रोग्राम पुसला जातो आणि चालू केल्यावर कॉम्प्युटरने तो पुन्हा भरावा लागतो. लाईट गेल्यानंतर १०२० मुका झाला तर यूएसबी काढून पुन्हा लावा. एचपीलिप अपडेट झालं की प्लगइनही त्याच आवृत्तीचं टाकावं लागतं, नाहीतर 'फिल्टर फेल्ड' येतं. एलबीपी २९०० चा कॅननचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे आणि नव्या लिनक्सवर त्रास देतो. तो विंडोजवरच ठेवा, लिनक्सवाल्यांनी पीडीएफ करून सामाईक फोल्डरात टाकावी आणि तिथून छापावी. उपाय देखणा नाही, पण रोज चालतो.

कप्समधून शेअर करताना तीन कुलपं उघडावी लागतात: कप्सचं 'शेअर प्रिंटर्स', त्या रांगेचं स्वतःचं 'शेअर', आणि फायरवॉलमध्ये (नेटवर्कवरून आत काय येऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी) टीसीपी ६३१. टीसीपी आणि यूडीपी या नेटवर्कवरून माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत. विंडोजमध्ये 'नावाने शेअर्ड प्रिंटर निवडा' या ठिकाणी पत्ता असा द्यायचा: एचटीटीपी://१९२.१६८.१.१०:६३१/प्रिंटर्स/ऑफिस. शेवटचा शब्द रांगेचं नाव, मधला शब्द 'प्रिंटर्स' अनेकवचनी. रांगेच्या नावात मोकळी जागा ठेवू नका. आयपीने जोडलं तर चालतं पण कॉम्प्युटरच्या नावाने '४०० बॅड रिक्वेस्ट' येतं, तर कप्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'सर्व्हरएलियस' या ओळीत ते नाव घाला.

शेजाऱ्याचाच मार्ग घ्यायचा असेल तर

लिनक्समधून विंडोजच्या शेअरवर छापताना 'लॉगऑन फेल्युअर' आलं, तर पिन देऊन पाहू नका; पिन त्या मशीनपुरताच असतो. विंडोजवर फक्त छपाईसाठी एक वेगळा स्थानिक वापरकर्ता काढा, साध्या अक्षर-अंकांच्या पासवर्डचा. पासवर्डात 'ॲट' चिन्ह असेल तर पत्त्यात त्याचा अर्थच बदलतो. शिवाय कप्स हा पासवर्ड स्वतःच्या फायलीत साठवतं, म्हणून तुमचा मुख्य पासवर्ड तिथे कधीच देऊ नका.

विंडोज ते विंडोज जोडताना ०एक्स०००००११बी हा एरर येतो तो सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून. त्या वर्षी जुलैमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' ही गंभीर त्रुटी गाजली आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टने छपाईच्या वाटा एकामागून एक कडक केल्या. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) एक आकडा शून्य करायचा उपाय लोक एकमेकांना सांगतात. त्याने सुरक्षाच काढून टाकली जाते. दोन्ही मशीन अपडेट करा, किंवा थेट टीसीपी/आयपी पोर्टवर जा.

मराठी अक्षरं फुटली तर

लिबरऑफिसमधून किंवा पीडीएफमधून छापताना युनिकोड मराठी सहसा नीट येतं, कारण अक्षरांचे आकार फायलीबरोबरच जातात. साधी टेक्स्ट फाईल टर्मिनलमधून थेट छापली तर जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटू शकतात. ती लिबरऑफिसमध्ये उघडून छापा. श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाईल लिनक्सवर उघडली आणि इंग्रजी चिन्हांचा गोळा दिसला, तर त्यात प्रिंटरचा दोष नाही. तो फॉन्टच त्या मशीनवर नाही. फॉन्ट असलेल्या मशीनवर पीडीएफ करून घ्या.

"एवढ्यापेक्षा फायरवॉल बंद केली तर?"

तपासणीसाठी दोन मिनिटं बंद करून पाहणं ठीक. प्रिंट आली तर कारण कळलं. लगेच चालू करा आणि फक्त ६३१ उघडा, तेही आपल्या लॅनपुरतं. प्रिंटर यादीत दिसावा म्हणून यूडीपी ५३५३ लागतं, पण पत्ता हाताने दिला असेल तर त्याची गरज नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या 'कप्स-ब्राउज्ड' या मदतनीस सेवेत त्रुटी उघड झाल्या. यूडीपी ६३१ वर बाहेरचा कुणीही खोटा प्रिंटर घुसवू शकत होता, आणि त्यावर कुणी प्रिंट दिली की त्याची आज्ञा मशीनवर चालत होती. अपडेट आले आहेत, ते टाका. रांगा हाताने जोडल्या असतील तर ही सेवा बंदच ठेवा. राउटरवरून ६३१ किंवा ९१०० इंटरनेटकडे कधीही उघडू नका, आणि प्रिंटरच्या वेबपानाचा कारखान्यातला पासवर्ड बदला.

ड्रायव्हर मिळणं बंद होणार आहे का?

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं की प्रिंटर कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबेल. १५ जानेवारी २०२६ पासून विंडोज ११ साठी तिथे नवे ड्रायव्हर न घेण्याचा टप्पा ठरला, १ जुलै २०२६ पासून विंडोज स्वतःच्या आयपीपी ड्रायव्हरला पसंती देणार आणि १ जुलै २०२७ पासून सुरक्षेपुरतेच बदल. याचा अर्थ तुमचा आजचा प्रिंटर बंद पडणार असा नाही. बसवलेला ड्रायव्हर चालत राहील. कप्सही पुढच्या ३.० आवृत्तीत जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर सोडणार आहे. दोन्ही बाजू एकाच ६३१ च्या खिडकीकडे चालल्या आहेत.

म्हणून नवा प्रिंटर घेताना दुकानदाराला "लिनक्सला चालतो का?" असं विचारू नका, त्याला ते ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'एअरप्रिंट', 'मोप्रिया' किंवा 'आयपीपी एव्हरीव्हेअर' यांपैकी एक नाव आहे का (प्रिंटर आयपीपी समजतो याची ती खूण), आणि मागे लॅनचं सॉकेट आहे का, ते बघा.